उल्कापाषाणांचे कोडे सोडवणारे अर्न्स्ट क्लाद्नी

पावसाळ्यात वीज आधी चमकते आणि गडगडाट मागाहून येतो, हे आपण सर्व जाणतो. तेजस्वी उल्केचेही तसेच असते. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री आपल्या गुजरातेत, सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाळा गावाच्या परिसरात उल्कापाषाण पडले, तेव्हा लोकांनी प्रखर उजेड पाहिला व गडगडाटही ऐकला. अशा साध्या माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या शास्त्रज्ञाची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

अर्न्स्ट क्लाद्नी यांचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी जर्मनीतील विटेनबर्ग येथे झाला. वडिलांच्या इच्छेखातर ते कायदा शिकले. मन मात्र विज्ञानात आणि संगीतात रमे. पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज फिरवला की वाळूच्या सुंदर आकृती उमटतात, हे त्यांनी १७८७ साली दाखवले.

त्या काळी आकाशातून दगड पडल्याचे खेडूत सांगत आणि विद्वान हसत. क्लाद्नींनी वकिलाप्रमाणे जुन्या साक्षी ताडून पाहिल्या. एकमेकांना न ओळखणारी माणसे सारखेच सांगत होती : आगीचा गोळा, मोठा आवाज आणि मग दगड. हे दगड अंतराळातून येतात, असे त्यांनी १७९४ साली लिहिले. त्यांची थट्टा झाली. पण १७९८ साली आपल्या बनारसजवळ दगड पडले. १८०२ मध्ये त्यांची व इतर ठिकाणच्या दगडांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा ते एकमेकांसारखेच निघाले. क्लाद्नी खरे ठरले. कायमची नोकरी त्यांना कधी मिळाली नाही. गावोगावी व्याख्याने देत त्यांनी चरितार्थ चालवला. ३ एप्रिल १८२७ रोजी त्यांचे निधन झाले.

एक कोडे मात्र उरले. उल्का दिसताक्षणीच सळसळ ऐकू आली, असे काहीजण सांगतात. ६० किलोमीटर उंचीवरून आवाज यायला तर सुमारे तीन मिनिटे लागतात! म्हणून पुष्कळांनी तो भास मानला. २०१७ साली काही शास्त्रज्ञांनी प्रयोगांवरून सुचवले, की उल्केच्या भराभर लुकलुकणाऱ्या प्रकाशाने आपल्याजवळची पाने, केस किंचित तापून आवाज करत असतील. अंतिम निर्णय अजून व्हायचा आहे.

डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. त्या रात्री आई-बाबांसह गच्चीवर जा, घड्याळ आणि वही जवळ ठेवा. जे दिसेल, ऐकू येईल ते वेळेसह जसेच्या तसे लिहा. आणि पालकांनो, मुलांनी काही नवलाचे सांगितले तर हसण्याआधी नीट विचारून घ्या, एवढीच आमची विनंती.