रॉडवर लेप चढवणारा माणूस : ऑस्कर शेलबर्ग

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच वेल्डिंग रॉड हातात धरलाय. रॉड चिकटतो, सर ओरडतात, जॉब कसाबसा सबमिट होतो आणि विषय संपतो. त्या रॉडवरचा राखाडी लेप कोणाच्या डोक्यातून आला, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. तो पडला उन्हाळ्याच्या सुट्टीत, अकोल्याला मामांकडे.

मामांचं एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, ग्रील, दालमिलच्या चाळण्या अशी कामं. एका डीलरने त्यांना मिग, टिग आणि रॉड असं तिन्ही चालणारं स्वस्त इन्व्हर्टर मशीन दाखवलं. लोखंड, स्टेनलेस, ॲल्युमिनियम, बीड, सगळं जोडतं म्हणे! पैसे जमले होते, पण तेच पैसे मामेबहिणीच्या ॲडमिशनचेही होते. घरात होऊ घातलेली इंजिनिअर मीच, म्हणून मला विचारलं. मला उत्तर येईना. लाज वाटली. अमरावतीला आल्यावर लायब्ररीत वेल्डिंगची पुस्तकं काढली आणि त्यात हा स्वीडिश माणूस भेटला. (नावाचं स्पेलिंग बघून मी आधी ते क्जेलबर्ग असं वाचलं होतं.)

ऑस्कर शेलबर्गचा जन्म 1870 चा. इंजिनिअर झाल्यावर त्याने वाफेच्या जहाजांवर नोकरी केली. तेव्हाचे बॉयलर रिव्हेट मारून जोडलेले असत. रिव्हेट ढिले व्हायचे, सांध्यातून वाफ गळायची, प्लेटला चिरा पडायच्या. दुरुस्ती म्हणजे जहाज बंदरात अडकून पडणार आणि मालकाचा रोजचा तोटा. चुकीची दुरुस्ती झाली तर बॉयलर फुटून माणसं मरणार.

विजेच्या ठिणगीने धातू वितळवण्याची युक्ती तोवर जुनी झाली होती. रशियात बेनार्डोसने 1880 च्या दशकात कार्बनच्या कांडीने आर्क काढून जोडकाम केलं होतं. पुढे स्लाव्यानोवने कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे कांडी वितळून सांध्यात भरते. अडचण एकच होती, पण मोठी. उघडी तार वितळताना हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घ्यायची. सांधा दिसायला ठीक, आतून सच्छिद्र आणि ठिसूळ. असा सांधा बॉयलरला कोण चालू देणार?

शेलबर्ग गोथेनबर्गला याच्या मागे लागला. 1904 मध्ये त्याने कंपनी काढली, तिचं आद्याक्षरांचं नाव एसाब. हे नाव तुम्ही रॉडच्या पाकिटावर नक्की वाचलं असेल. आपल्या नागपूर जिल्ह्यातही तिचा कारखाना आहे. रॉडला काहीबाही फासून बघणारे त्या काळात आणखीही होते. शेलबर्गने लोखंडी तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या दाट मिश्रणात बुडवून वाळवली आणि 1907 मध्ये लेपाच्या रॉडचं पेटंट मिळवलं. लेप जळतो, त्याचा वायू वितळलेल्या धातूभोवती पडदा धरतो. उरलेला भाग स्लॅग होऊन वर बसतो आणि सांधा सावकाश थंड होऊ देतो. आपण चिपिंग हॅमरने जी खपली उडवतो ना, तीच.

सुरुवातीला त्याची कंपनी मुख्यतः जहाजं आणि बॉयलर दुरुस्त करायची. 1920 मध्ये इंग्लंडमध्ये फुलागर नावाचं पूर्ण वेल्डिंगचं जहाज पाण्यात उतरलं, तेव्हा रिव्हेटचे दिवस भरत आल्याचं लोकांना कळलं. 1922 मध्ये जर्मनीत फिन्स्टरवाल्डेला त्याच्या नावाची कंपनी निघाली, ती आजही कटिंगची मशीन बनवते. 1931 मध्ये, साठाव्या वर्षी तो गेला. त्याच्या घरच्या आयुष्याबद्दल पुस्तकांत जवळजवळ काही नाही. इंजिनिअर लोकांचं असंच होतं बहुतेक.

पण मला माझं उत्तर त्याच्यातच सापडलं. शेलबर्गने सगळी हुशारी मशीनमध्ये न भरता रॉडमध्ये भरली. म्हणून तेच मशीन ठेवून फक्त रॉड बदलला की धातू बदलता येतो. साध्या लोखंडाला 6013, स्टेनलेसला 308-एल, बिडाला निकेलचा रॉड.

पुढच्या रविवारी मी परत अकोल्याला गेले. डीलरकडून मशीन एक दिवस मागून घेतलं आणि भर दुपारी शेडमध्ये ट्रायल घेतली. मशीनच्या प्लेटवर दोनशे अँपिअरला साठ टक्के ड्युटी सायकल लिहिली होती, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम. पण हा आकडा साधारण चाळीस अंश तापमानाचा असतो, आणि मे महिन्यातलं अकोला तुम्हाला माहीतच आहे! पत्र्याखाली चौथ्या मिनिटालाच ओव्हरहीटचा पिवळा दिवा लागला.

मिगने पत्र्यावर सुरेख बीड ओढली. मग मामांनी सवयीने कूलर लावला, गॅस उडून गेला आणि सांध्यात टाचणीएवढी भोकं पडली. मेमध्ये कूलर बंद ठेवून कोण काम करेल? टिगने स्टेनलेस छान जुळलं. ॲल्युमिनियमचा मात्र काळा गोळा झाला. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साईडचा थर दोन हजारांच्या वर. तो फोडायला टिगला एसी करंट लागतो, आणि हे मशीन फक्त डीसी. सगळं जोडतं हा दावा तिथेच पडला.

रॉडवर मात्र तिने निमूट काम केलं. शेवटी मामांनी तीन-इन-वन परत पाठवलं आणि त्यापेक्षा बरंच स्वस्त, रॉड आणि डीसी टिग चालणारं, जास्त ड्युटी सायकलचं मशीन घेतलं. ॲल्युमिनियमचं काम आलं तर बाहेर द्यायचं ठरलं. ॲडमिशनची फी वेळेत भरली गेली.

नव्या मशीनवर पहिलं काम आलं ते एका दालमिलची तडकलेली बिडाची पुली. निकेलचा रॉड, एक-एक इंचाचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर हलके हातोडे. मग मामांनी ती रात्रभर चुन्यात पुरून ठेवली. सकाळी बाहेर काढून टिचकी मारली, तर आवाज खणखणीत आला.