वर्डलचा शब्द न्यूझीलंडला आधी का मिळतो? सँडफर्ड फ्लेमिंग आणि चुकलेल्या ट्रेनची गोष्ट

वर्डलचा नवा शब्द प्रत्येकाला आपापल्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले की मिळतो. त्यामुळे ऑकलंडमधला माणूस कोडं सोडवून मोकळा होतो तेव्हा मुंबईत आदल्या दिवसाचाच शब्द चालू असतो. तो काही बोलला तर आपली मजा गेली. बरं, सगळ्या जगाला एकाच क्षणी शब्द द्यावा, तर कुणाला तो पहाटे मिळणार आणि कुणाला ऐन ऑफिसच्या वेळेत. मग न्याय कुठला?

या दोन्ही पर्यायांवर दीडशे वर्षांपूर्वी डोकं खपवलेला माणूस म्हणजे सर सँडफर्ड फ्लेमिंग.

जन्म १८२७ चा, स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डीचा. १८४५ मध्ये कॅनडाला गेले. कॅनडाचं पहिलं पोस्टाचं तिकीट, ते बीव्हरचं चित्र असलेलं, १८५१ मध्ये त्यांनीच डिझाइन केलं. पण खरं काम रेल्वेचं. कॅनडा आडवा पार करणाऱ्या रेल्वेच्या सर्वेक्षणाचे ते मुख्य इंजिनियर होते.

तेव्हा प्रत्येक गाव सूर्य डोक्यावर आला की बारा वाजवायचं. टोरांटोत बारा वाजले की मॉन्ट्रियलमध्ये बारा वाजून साधारण २३ मिनिटं. बैलगाडीला हे चालून जातं, रेल्वेला नाही.

त्यात १८७६ मध्ये आयर्लंडमधल्या बंडोरन स्टेशनवर फ्लेमिंग यांची ट्रेन चुकली. वेळापत्रकात पहाटे ५.३५ ऐवजी संध्याकाळचे ५.३५ छापले होते. छपाईतली एवढीशी चूक, पण रात्र स्टेशनवर काढावी लागली. दुसरा कुणी स्टेशनमास्तरशी भांडून विसरून गेला असता. फ्लेमिंग यांनी २४ तासांच्या घड्याळाचा आग्रह धरला आणि पुढे सगळ्या पृथ्वीसाठी एकच वेळ मांडली. तिला त्यांनी 'कॉस्मिक टाइम' म्हटलं. रोजच्या व्यवहारासाठी एकेका तासाच्या फरकाचे २४ पट्टे सुचवले.

हे त्यांनाच पहिल्यांदा सुचलं असं नाही. अमेरिकेत चार्ल्स डाउड त्याआधीच रेल्वेसाठी अशी योजना घेऊन फिरत होते. फ्लेमिंग यांचं वेगळेपण म्हणजे चिकाटी. लेख लिहिले, पत्रकं पाठवली, सरकारांच्या मागे लागले. १८८० मध्ये रेल्वेतलं पद गेलं, तरी हा नाद सुटला नाही.

१८ नोव्हेंबर १८८३ ला अमेरिका-कॅनडातल्या रेल्वे कंपन्यांनी पट्ट्यांची वेळ स्वीकारली. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथं फ्लेमिंगही प्रतिनिधी होते. ग्रीनिच शून्य रेखांश ठरलं. बाजूने २२ मतं, विरोधात एक, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ. पण २४ पट्ट्यांवर शिक्कामोर्तब झालंच नाही. ते देशांनी पुढे आपापल्या सवडीने, आपापल्या सोयीने घेतले.

भारताने तर पूर्ण तासाचा हिशेबही मोडला. १९०६ पासून ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढची वेळ लागू झाली. आपली मुंबई मात्र अडून बसली. 'बॉम्बे टाइम' या वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होता आणि तो सोडायला लोक तयार नव्हते.

फ्लेमिंग २२ जुलै १९१५ ला हॅलिफॅक्समध्ये वारले, तेव्हाही मुंबईतली ती जुनी वेळ संपली नव्हती. ती टिकली थेट १९५५ पर्यंत.