सी. रामचंद्र

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (१२ जानेवारी १९१८, पुणतांबे, जि. अहमदनगर – ५ जानेवारी १९८२, मुंबई) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार आणि पार्श्वगायक होते. गायक म्हणून ते 'चितळकर' या नावाने परिचित होते.

पूर्वायुष्य
पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले. 'नागानंद' या चित्रपटात ते नायक होते. मात्र अभिनयात जम न बसल्याने ते मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक झाले.

पाश्चात्य संगीताचा वापर
'शहनाई' (१९४७) पासून त्यांनी पाश्चात्य वाद्ये व ठेके हिंदी चित्रगीतात धीटपणे आणले. गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांचे सहायक होते. 'अलबेला' (१९५१) मध्ये त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डिका' हे किशोरकुमार व आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिलेले गीत हिंदीतील आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांपैकी मानले जाते. 'अनारकली' (१९५३) चे रागदारीवर आधारलेले संगीतही त्यांचेच.

उत्तरायुष्य
कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' हे त्यांनी स्वरबद्ध केलेले गीत लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत गायिले. त्या दशकात पाश्चात्य ठेक्यांची लोकप्रियता वाढली. परंतु ती वाट घालून देणाऱ्या रामचंद्रांचे चित्रपट मात्र कमी होत गेले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र होय. १९५० च्या दशकातील चित्रगीतांच्या आठवणींत त्यांची नृत्यगीते आजही ऐकली जातात.