कै. डॉ. आनंदीबाई जोशी आणि दहा दिवसांचें बाळ

चरित्र सांगावयाचें म्हणजे जन्मापासून आरंभ करावा, अशी रूढ रीति आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र मात्र आम्हांस एका मृत्यूपासून सांगावेंसें वाटतें. अवघ्या दहा दिवसांच्या एका बाळाचा तो मृत्यु होय. त्याची आई त्या वेळीं चौदा वर्षांची होती. म्हणजे आमच्या शाळेंत नववीच्या वर्गांत बसणाऱ्या कन्यांचें जें वय, तेंच तिचें वय. असे मृत्यु त्या काळीं घरोघर होत. परंतु या एका मृत्यूनें जें घडविलें, तें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या जोशी घराण्यांत झाला. त्यांचें माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं त्यांचा विवाह टपालखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला. गोपाळराव बिजवर असून पत्नीपेक्षां सुमारें वीस वर्षांनीं वडील होते. पत्नीस विद्या शिकवीनच, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. ती तडीस नेण्याकरितां त्यांनीं लोकांचा रोष सोसला. तथापि त्यांच्या विक्षिप्त व हट्टी स्वभावाचा जाच कोंवळ्या पत्नीसही सोसावा लागला, हें चरित्रकारास लपवितां येत नाहीं.

चौदाव्या वर्षीं आनंदीबाई प्रसूत होऊन त्यांस मुलगा झाला. त्याला योग्य वैद्यकीय साह्य लाभलें नाहीं, आणि दहाव्या दिवशीं तो गेला.

त्या काळीं बाळंतिणीची खोली कशी असे, हें आजच्या मुलांस ठाऊक नसेल. घरांतील सर्वांत अंधारी खोली तिच्या वांट्यास येई. वारा लागूं नये म्हणून दारें-खिडक्या बंद, आणि आंत शेगडीचा धूर. विटाळ मानीत असल्यामुळें अंथरुणा-पांघरुणास जुनेरें व टाकाऊ चिंध्याच काढून देत. सुईण कितीही मायाळू व अनुभवी असली, तरी हात स्वच्छ धुवावे आणि नाळ कापावयाचें हत्यार उकळून घ्यावें, हें तिला कोणी शिकविलेलें नसे. विळा, बांबूची कामटी, जें हातीं लागेल तें ती वापरी व जखमेवर राख दाबी. त्या जखमेंतून धनुर्वाताचे जंतु शिरत. बाळ अंगावर ओढीनासें होई, त्याचा जबडा मिटे, अंग ताठे, आणि बहुधा दुसरा आठवडा संपण्यापूर्वींच तें दगावे. कित्येक मुलें अपुऱ्या दिवसांचीं व हलक्या वजनाचीं जन्मत. कारण त्यांच्या आयांचीच वाढ पुरी झालेली नसे. आईचें पहिलें चिकाचें दूध वाईट समजून पिळून टाकीत आणि बाळास मधाचें किंवा गुळाचें बोट चाटवीत. इतकें होऊन मूल गेलें, म्हणजे सटवाईनें कपाळीं लिहिलें तसें झालें, असें म्हणून घरचीं माणसें डोळे पुसत.

आनंदीबाईंनीं डोळे पुसले. परंतु कपाळास बोल लाविला नाहीं. सुशिक्षित डॉक्टर गांवांत असला, तरी तो पुरुष असल्यामुळें कुलीन स्त्रिया त्यास आपली व्यथा सांगत नाहींत व मुकाट्यानें मरण पतकरतात, हें त्यांच्या ध्यानीं आलें. यास उपाय एकच : स्त्रियांनींच डॉक्टर व्हावें. आणि तो उपाय दुसऱ्या कोणीं करावा अशी वाट न पाहतां, आपणच वैद्यक शिकावयाचें, असा त्यांनीं निश्चय केला.

आतां येथें एक प्रसंग येतो. आम्ही ख्रिस्ती आहों, म्हणून तो टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. पूर्वीं कोल्हापुरास मिशनकार्य केलेले रे. रॉयल वाइल्डर हे त्या वेळीं अमेरिकेंत एक मिशनरी मासिक चालवीत. गोपाळरावांनीं त्यांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाकरितां साह्य मागितलें. वाइल्डरसाहेबांनीं धर्मान्तराची अट पुढें केली. ती जोशी दांपत्यास मान्य झाली नाहीं. हा पत्रव्यवहार मात्र मासिकांत छापून आला. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो अंक त्यांच्या हातीं पडला. त्यांनीं कोणतीच अट न घालतां आनंदीबाईंस आपल्या घरीं ठेवून घेण्याचें कळविलें. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही वर्गांत दर वर्षीं शिकवितों. वाटेंत पडलेल्या जखमी मनुष्याचा धर्म त्या शोमरोन्यानें विचारला नव्हता. या दोघां ख्रिस्ती जनांपैकीं तो दाखला कोणास अधिक समजला, हें वाचकांनींच ठरवावें.

पुढें गोपाळरावांची बदली बंगाल्यांत झाली. परदेशगमनाच्या बेतावर चोहोंकडून टीका होऊं लागली, तेव्हां ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत व्याख्यान देऊन तीस उत्तर दिलें. ज्या विल्यम केरीसाहेबांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण छापविलें, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्थापिलेलें हें कॉलेज. आपण हिंदु म्हणून जाणार व हिंदु म्हणूनच परत येणार, असें त्यांनीं तेथें निर्भयपणें सांगितलें. एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून त्या पतीवांचून निघाल्या व जूनमध्यें न्यूयॉर्क येथें पोंचल्या.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांस प्रवेश व शिष्यवृत्ति मिळाली. तेथील कडाक्याची थंडी, शाकाहाराची अडचण व अभ्यासाचा ताण यांनीं मूळची नाजूक प्रकृति ढासळली व क्षयानें शरीरांत घर केलें. तरी त्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. पदवीसाठीं प्रबंध लिहावयाचा होता. त्यास त्यांनीं आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. ज्या अंधाऱ्या खोलींत आपलें बाळ गमावलें, तिचेंच दार या विदुषीनें विद्येच्या बळानें उघडूं पाहिलें, असें आम्हांस वाटतें. ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई जातीनें हजर होत्या.

याच सुमारास वैद्यकशास्त्रांत मोठी क्रान्ति होत होती. १८८४ सालीं जर्मनींत निकोलायर यांनीं धनुर्वाताचें कारण मातींतील जंतूंत दाखविलें. १८८९ सालीं जपानचे कितासातो यांनीं तो जंतु निराळा काढला, आणि १८९० सालीं बेरिंग व कितासातो यांनीं त्याच्या विषावर उतारा शोधिला. हें पाहण्यास मात्र आनंदीबाई राहिल्या नाहींत. १८८६ च्या नोव्हेंबरांत त्या स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु तेथें रुजूं होण्याचा योग आला नाहीं. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या व त्यांनीं आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत त्यांस जागा दिली.

इतकी विद्या व्यर्थ गेली, अशी हळहळ कित्येक करतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. दहा दिवसांचें मूल मरणें हें दैव नसून त्यास कारणें आहेत, आणि कारण कळलें म्हणजे उपाय चालतो, हें त्या चौदा वर्षांच्या मुलीनें ओळखलें. आणि पुढील इतिहासानें तिची साक्ष खरी केली. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरलें; १९७८ सालीं तें अठरा झालें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांसच नवजात बाळांची शुश्रूषा शिकविली, आणि तेणेंकरून बालमृत्यु कसे घटतात, हें १९९९ सालीं जगापुढें मांडलें. गर्भवतींस लस टोंचल्यानें व प्रसूति स्वच्छ हातांनीं होऊं लागल्यानें २०१५ सालीं नवजात बालकांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें.

तरी काम संपलें नाहीं. २०२० सालच्या सरकारी नोंदींप्रमाणें भारतांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं २८ मुलें वर्षाच्या आंत दगावलीं; त्यांपैकीं २० तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरीं किंवा शेजारीं बाळंतीण असेल, तर हात धुतल्यावांचून बाळास घेऊं नका व कोणास घेऊं देऊं नका. नाळेवर कांहीं लावूं देऊं नका. आईचें पहिलें दूध टाकूं देऊं नका. बाळ दूध ओढीनासें झालें किंवा गार पडलें, तर एक घटकाही न दवडतां त्यास दवाखान्यांत न्या. वडील माणसें नशिबाच्या गोष्टी सांगूं लागलीं, तर त्यांचा मान राखून, पण निश्चयानें, त्यांस ही गोष्ट सांगा.