हेल्मेटचा आग्रह धरणारे मेंदूशल्यविशारद सर ह्यू केर्न्स

दुचाकीस्वाराने हेल्मेट घालावे, हा नियम आज सर्वपरिचित आहे. या नियमाला शास्त्रीय आधार मिळवून देण्यात सर ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाचा मोठा वाटा होता.

केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे झाला. ॲडलेड विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. युद्धानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले व पुढे लंडन हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. १९२६-२७ मध्ये त्यांनी अमेरिकेतील बोस्टन येथे आधुनिक मेंदूशल्यचिकित्सेचे प्रणेते हार्वे कुशिंग यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. रक्तस्राव काटेकोरपणे रोखत, संयमाने शस्त्रक्रिया करण्याची कुशिंग यांची पद्धत त्यांनी ब्रिटनमध्ये रुजवली.

१३ मे १९३५ रोजी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने ख्यातकीर्त असलेले टी. ई. लॉरेन्स यांच्या मोटारसायकलला डॉर्सेट परगण्यात अपघात झाला. सायकलवरून जाणाऱ्या दोन मुलांना वाचवताना ते रस्त्यावर फेकले गेले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांच्यावरील उपचारांसाठी पाचारण करण्यात आलेल्या डॉक्टरांमध्ये केर्न्स यांचाही समावेश होता. सहा दिवस बेशुद्धावस्थेत राहून १९ मे रोजी लॉरेन्स यांचे निधन झाले. मेंदूला एकदा गंभीर इजा झाली की निष्णात शल्यविशारदाचे हातही तोकडे पडतात, हे या मृत्यूने दाखवून दिले.

१९३७ मध्ये केर्न्स ऑक्सफर्ड विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, तेथील सेंट ह्यूज महाविद्यालयाच्या इमारतीत डोक्याच्या दुखापतींसाठी खास लष्करी रुग्णालय सुरू झाले. युद्धकाळात तेथे तेरा हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. जखमी सैनिकावर लवकर शस्त्रक्रिया व्हावी, यासाठी केर्न्स यांनी आघाडीजवळ काम करणारी फिरती शस्त्रक्रिया पथके उभारली.

१९४१ मध्ये त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व सहप्रवासी मृत्युमुखी पडल्याकडे त्यांनी लक्ष वेधले. हेल्मेट घातलेले केवळ सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते आणि ते सातही जण बचावले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने कर्तव्यावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. १९४६ मध्ये केर्न्स यांनी पुन्हा आकडेवारी मांडून मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दाखवून दिले.

१८ जुलै १९५२ रोजी ऑक्सफर्ड येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७३ मध्ये. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२९ नुसार चालकाबरोबरच मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे.

हेल्मेटमुळे धोका घटतो. मात्र तो पूर्णतः टळत नाही. डोक्याला मार लागलेली व्यक्ती सुरुवातीला नीट बोलत असली, तरी कवटीच्या आत रक्तस्राव सुरू असू शकतो. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, आकडी, हातापायांतील अशक्तपणा किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. जखमीची मान हलू देऊ नये आणि त्याला काही खायला-प्यायला देऊ नये. अशा वेळी ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागता येते. वेळेवर मिळणारे उपचार आणि मुळात दुखापतच टाळण्याची दक्षता, या दोन्हींसाठी केर्न्स आयुष्यभर झटले.