टाकीतला थेंब किती वेळ थांबतो? पीटर डँकवर्ट्स यांची ओळख

केमिकल इंजिनीअरिंगमध्ये कॉम्प्युटर मॉडेलिंग करणाऱ्या विद्यापीठातल्या कुठल्याही ग्रुपमध्ये एक शब्द हमखास कानावर पडतो : रेसिडेन्स टाइम. म्हणजे रिॲक्टरमध्ये शिरलेला पदार्थ बाहेर पडेपर्यंत आत किती वेळ राहिला. या साध्या प्रश्नाला पक्कं गणिती रूप दिलं ते पीटर व्हिक्टर डँकवर्ट्स यांनी. आणि तेसुद्धा कॉम्प्युटर हाताशी नसताना!

डँकवर्ट्स यांचा जन्म 1916 सालचा, इंग्लंडमधला. वडील नौदलात, पुढे ॲडमिरल झाले. मुलाने ऑक्सफर्डला रसायनशास्त्र घेतलं आणि 1939 मध्ये पहिल्या वर्गात पदवी मिळवली. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. 1940 मध्ये जर्मन विमानं लंडनवर पॅराशूटने सुरुंग टाकत होती. ते निकामी करायचं काम नौदलाच्या राखीव दलातल्या या तरुणाकडे आलं. नोकरीला सहा आठवडेही झाले नव्हते, तरी त्यांनी जवळजवळ 48 तास सलग हे काम केलं. त्यासाठी त्यांना जॉर्ज क्रॉस हा शौर्याचा मोठा सन्मान मिळाला. पुढे सिसिलीत सुरुंगांच्या पट्ट्यात ते जखमी झाले.

युद्धानंतर ते अमेरिकेत एमआयटीला केमिकल इंजिनीअरिंग शिकायला गेले. 1948 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या केमिकल इंजिनीअरिंग विभागात शिकवायला लागले. त्यांचं गाजलेलं काम इथलंच.

पहिला प्रश्न होता वायू द्रवात कसा विरघळतो हा. तेव्हाचं चालू मॉडेल असं होतं, की द्रवाच्या पृष्ठभागाखाली एक पातळ, स्तब्ध थर असतो आणि वायू त्यातून हळूहळू आत झिरपतो. पण ढवळल्या जाणाऱ्या द्रवात स्तब्ध थर टिकेल कसा? 1935 मध्ये हिग्बी यांनी दुसरं चित्र मांडलं होतं : द्रवाचा प्रत्येक भाग ठराविक वेळ वायूच्या संपर्कात राहतो. 1951 मध्ये डँकवर्ट्स एक पाऊल पुढे गेले. खालून द्रव सतत वर येतो, जुना खाली जातो. पण कोण किती वेळ वर राहील, हे योगायोगावर सोडायचं. यालाच सरफेस रिन्यूअल मॉडेल म्हणतात.

1953 मध्ये हाच विचार त्यांनी सगळ्या यंत्राला लावला. समजा, गच्चीवरच्या टाकीत एका नळाने पाणी येतंय, दुसऱ्याने तेवढंच बाहेर जातंय. टाकी भरायला लागतात 10 मिनिटं. मग प्रत्येक थेंब आत 10 मिनिटं थांबतो का? अजिबात नाही! पाणी उत्तम ढवळलं जात असेल, तर सुमारे 10 टक्के पाणी पहिल्याच मिनिटात निसटतं. 10 मिनिटांनंतर 37 टक्के अजून आतच असतं आणि अर्ध्या तासानंतरही 5 टक्के उरतं. म्हणजे रिॲक्टरमधल्या काही मालाची प्रक्रिया अर्धवट राहते, तर काही माल जास्त शिजतो. कारखान्यात तोटा होतो तो इथे.

हे मोजायला टाकी उघडावी लागत नाही. आत थोडा रंग सोडायचा आणि बाहेर तो कधी, किती येतो ते टिपायचं. रंग लवकर आला तर पाण्याला आडवाट सापडली आहे. शेपूट लांबली तर कुठेतरी कोपऱ्यात पाणी साचून राहतंय. अर्थात यालाही मर्यादा आहे. दोन टाक्यांचा आलेख सारखा आला, तरी आतलं मिश्रण वेगळं असू शकतं. मिश्रण नेमकं किती झालंय हे कसं मोजायचं, यावरही डँकवर्ट्स यांनी वेगळं काम केलं.

मधली काही वर्षं त्यांनी ब्रिटनच्या अणुऊर्जा खात्यात आणि लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात काढली. 1959 मध्ये ते केंब्रिजला शेल प्रोफेसर म्हणून परतले आणि 1977 पर्यंत तिथे राहिले. याच काळात मुंबईहून एक विद्यार्थी त्यांच्याकडे पीएचडीला आला : मनमोहन शर्मा. कार्बन डायऑक्साइड अल्कली आणि अमाइनच्या द्रावणात कसा शोषला जातो, यावर दोघांचा 1966 चा लेख प्रसिद्ध आहे. शर्मा 1964 मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्राध्यापक झाले आणि हा विषय मुंबईत रुजला. आज चिमणीतला कार्बन पकडण्याची जी सिम्युलेशन्स होतात, त्यांत अमाइनच्या अभिक्रियेचं गणित बऱ्याचदा डँकवर्ट्स यांच्या 1979 च्या लेखापर्यंत मागे जातं.

1970 मध्ये त्यांचं वायू-द्रव अभिक्रियांवरचं पुस्तक आलं. गंमत म्हणजे, स्तब्ध थराचं जुनं मॉडेल आणि त्यांचं स्वतःचं मॉडेल यांची उत्तरं बहुतेक वेळा जवळपास सारखीच येतात, हे त्यांनी मोकळेपणाने दाखवलं. मग जे सोपं असेल ते वापरावं. स्वतःच्या मॉडेलबद्दल असं सांगायला मन मोठं लागतं.

1984 मध्ये त्यांचं निधन झालं. आज कॉम्प्युटर रिॲक्टरमधला प्रवाह लाखो चौकटींत मोडून रंगीत चित्रं काढतो. ती दिसतात झकास, पण बरोबर आहेत का? तुम्ही असं सिम्युलेशन करत असाल, तर आधी त्यातही रंग सोडून बघा. बाहेरचा आलेख प्रत्यक्ष मोजमापाशी जुळला नाही, तर चित्रावर विश्वास ठेवू नका.