इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (१५ डिसेंबर, १९०५ – ११ ऑगस्ट, १९७०) या मराठी मानवशास्त्रज्ञ व लेखिका होत्या. 'युगान्त' या ग्रंथामुळे त्या मराठी वाचकांस परिचित आहेत. मात्र त्यांच्या शास्त्रीय कार्याचा पाया मानवी कवटीच्या अभ्यासाने घातला गेला, हे तुलनेने थोड्यांना ठाऊक असते.

जीवन

त्यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला आणि तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील गणेश हरी करमरकर अभियंते होते. सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या हुजूरपागेत पाठविण्यात आले. पुढे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र व रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९२८ साली एम.ए. केले. त्यानंतर जर्मनीस जाण्याच्या बेताला सासऱ्यांचा विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनी सुनेच्या उच्च शिक्षणास हरकत घ्यावी, हे आज नवलाचे वाटते. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या गेल्या.

बर्लिनमधील संशोधन

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. युरोपीय लोक अधिक तर्कशुद्ध असल्याने त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो व त्यामुळे कवटी असममित होते, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतींनी १४९ कवट्या तपासल्या. वंश आणि असममिती यांचा संबंध त्यांना आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसेच नमूद केले. परदेशी विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. तीन वर्षांनी, नाझी राजवटीत, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

निरोगी माणसाच्या कवटीच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात, ही गोष्ट शस्त्रवैद्य व दंतवैद्य यांनाही महत्त्वाची आहे. डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेला, जेथून कपाळाची मज्जातंतू बाहेर येते, कोणाच्या नुसती खाच असते, तर कोणाच्या पूर्ण छिद्र. एकाच व्यक्तीत एका बाजूस खाच व दुसऱ्या बाजूस छिद्र असेही आढळते. खोबणीखालील छिद्र बहुधा एकच असते, क्वचित जोडीला दुसरे असते. भूल देण्याची सुई याच छिद्रांच्या अंदाजाने टोचली जाते. अंदाज चुकल्यास भाग नीट बधिर होत नाही किंवा तंतूला इजा पोहोचते.

पुढील कार्य

१९३९ पासून अखेरपर्यंत त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातमधील लांघणज येथील अश्मयुगीन सांगाड्यांवर त्यांनी काम केले. शरीरमापनाची पद्धत त्यांनी सोडली नाही; ती महाराष्ट्रातील जातींच्या अभ्यासास लावली. एका नावाखालील पोटजाती एकाच मूळ जातीचे तुकडे नसून वेगवेगळे समूह एकत्र येऊन ती जात बनली असावी, असे मत त्यांनी घुर्ये यांच्या विरोधात मांडले. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) हा त्यांचा प्रमुख शास्त्रीय ग्रंथ होय. 'परिपूर्ती' व 'भोवरा' हे त्यांचे ललितलेखसंग्रह आहेत. 'युगान्त'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखिका गौरी देशपांडे या त्यांच्या कन्या होत.